सतराच्या आत

विलास,

तुझ्या पुण्यानुमोदनाला सोसायटीचा हॉल भरलेला. बाहेर चपला काढायला जागा नव्हती. एकेक जण उठून बोलत होता आणि प्रत्येकाच्या बोलण्यात एक वाक्य होतंच, "विलास म्हणजे एकदम शांत माणूस. कधी आवाज चढला नाही त्याचा." मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलेले. लोकांना वाटलं, रडतेय. आपल्या सुजाताला मात्र बरोबर कळलं. तिने माझा हात दाबला आणि कानात म्हणाली, "आई, हसू नकोस. सगळे बघतायत."

काय करू रे? यातल्या कोणीच तुला खडवलीच्या शेडमध्ये बघितलं नव्हतं. इंजिनाचं हेड गॅसकेट उडालं तेव्हा तू फेकलेला पाना पत्र्यावर आपटून आपल्या हरेशच्या पपईच्या झाडाखाली जाऊन पडलेला, हे त्यांना कुठून माहीत असणार? शांत माणूस म्हणे!

मी बोलायला उठले नाही. तुझ्याबद्दल बोलायचं म्हणजे इंजिनाबद्दल बोलायला हवं, आणि समोर तुझी मावशी बसलेली. तिला अजूनही वाटतं की आपण दर रविवारी खडवलीला जमीन बघायला जायचो. शिवाय मला जे सांगायचंय ते हॉलमधल्या लोकांना नाहीच सांगायचं. तू गेल्यावर बरंच काही झालंय. कालपासून तर ते माझ्या पोटात मावत नाहीये. पण सुरुवातीपासून सांगते. तुला काय, मधूनच सुरू केलेलं कधीच चालायचं नाही.

नौपाड्यातल्या त्या डॉक्टरांकडे तू दाढ काढायला गेलेलास आणि परत आलास तो गाडी घेऊन. म्हणजे गाडी टेम्पोला बांधून मागून येत होती, आणि तू टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी, गालात कापूस धरून. वर्तकनगरचं अख्खं आवार गॅलरीत जमा झालं. उन्हाने विटलेला बदामी रंग, चारही टायर बसलेले, मागच्या काचेवर दवाखान्याची वेळ चिकटवलेली.

"ही?" मी म्हटलं. "अरे, हिला कुत्रं विचारत नाही."

"म्हणूनच तर," कापसातून तू म्हणालास. "लोकांना पद्मिनी आठवते, कॉन्टेसा आठवते. वन एटीन एनई कोणाच्या स्वप्नातसुद्धा येत नाही. बॉडी बघू नकोस गं. बॉनेट उघड."

बॉनेटखाली एक काळवंडलेलं, एवढंसं इंजिन होतं. जपानी घराण्याचं, पुरतं बाराशेचंही नाही. मला त्यात काही दिसेना. तू मात्र त्याच्यावर वाकून असा बोलत होतास जसा बाळंतिणीच्या खोलीत बाप बोलतो, हळू आणि घाईघाईने. "क्रँकला पाच ठिकाणी आधार दिलाय. एवढ्याशा इंजिनाला पाच! याचा अर्थ कळतो का तुला? हे गरागरा फिरायला बनवलंय. आणि आपल्याकडे बिचाऱ्याने काय केलं? आयुष्यभर डॉक्टर-वकिलांना कामावर सोडलं."

बोलता बोलता गालातला कापूस बाहेर पडला, रक्त आलं, आणि तरीही तू हसत होतास. कंपनीची टूल रूम सोडल्यापासून घरात नुसता येरझाऱ्या घालणारा नवरा मला त्या दिवशी परत मिळाला. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू आणखी दोन गाड्या आणल्या असत्यास.

पाव मैलाचं खूळ त्याआधीच डोक्यात शिरलेलं. घाटावरच्या एका खासगी धावपट्टीवर तू ड्रॅग रेस बघून आलेलास. सरळ रस्ता, दोन गाड्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं, पाव मैलात खेळ खल्लास. "ही गाडी नवी असताना पाव मैलाला वीस सेकंदांच्या पुढे लागायचे," तू म्हणालास. "मी हिला सतराच्या आत आणणार."

"आणि चालवणार कोण?"

"तू."

"विलास, माझं वय बघ जरा."

"मी वय नाही, वजन बघतोय. माझ्या निम्मी आहेस. आणि तुझ्यासारखा क्लच अख्ख्या कल्याण-डोंबिवलीत कोणाचा नाही."

इतकी वर्षं मी डोंबिवलीत लोकांना गाडी शिकवली. "क्लच हळू सोडा काका, घाई नाही," हे वाक्य मी झोपेतही म्हणते असं तूच सांगायचास. गाडीचा क्लच नेमका कुठे पकडतो ते मला पायाच्या अंगठ्यात कळतं, हे खरं आहे. पण ते तुझ्या लक्षात आलंय हे मला माहीत नव्हतं. आपल्या संसारात साड्यांचं, स्वयंपाकाचं कौतुक तू क्वचितच केलंस. क्लचचं केलंस. मी लगेच हो म्हटलं.

मग दोन वर्षं काय मजा आली रे!

हरेशने त्याची कोंबड्यांची रिकामी शेड दिली. शाळेपासूनचा मित्र तुझा, त्याने कशाला हवी म्हणून विचारलंसुद्धा नाही. ब्लॉक बोअर करायला कल्याणला, त्याचं वरचं झाकण, म्हणजे हेड, घासायला परत कल्याणला. झडपा मात्र तू घरी आणल्यास. टीव्हीसमोर मांडी घालून, मांडीवर जुना टॉवेल, टॉवेलवर हेड, आणि दोन तळव्यांत काठी धरून तू झडप तिच्या जागेवर घासत बसायचास, रवीने ताक घुसळतात तसा. मालिका चालू असायची आणि तुझं घर्र घर्र, घर्र घर्र. शेवटी मीच म्हटलं, आण इकडे, तुझी लय चुकतेय. त्यातल्या चार झडपा माझ्या हातच्या आहेत. पेट्रोल ओतून बघितलं तर माझ्या झडपांतून एक थेंब गळला नाही. तुझ्या एका झडपेतून गळला. तू ते मान्य केलंस का? "टॉवेल ओला होता," म्हणालास.

आणि सोनाराचं दुकान! चारही पिस्टन एकाच वजनाचे हवेत म्हणून तू पिशवीत पिस्टन घेऊन नौपाड्यातल्या सोनाराकडे गेलास, आणि मला बरोबर नेलंस, म्हणजे दुकानात शिरताना बरं दिसतं म्हणून. काउंटरवर लाल मखमल अंथरलेली. शेजारी एक कुटुंब मंगळसूत्र बघत होतं. तू मखमलीवर चार पिस्टन ओळीने मांडलेस.

सोनार चष्मा वर करून म्हणाला, "साहेब, हे काय आहे?"

"पिस्टन. वजन करायचंय."

"आमच्याकडे सोनं वजन करतात."

"आमच्याकडे हेच सोनं," तू इतक्या गंभीरपणे म्हणालास की त्याने मुकाट्याने काटा पुढे ओढला. मग त्यालाच चेव चढला. दुसरा पिस्टन जड निघाला तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "हा घासून आणा, उद्या परत बघू." मंगळसूत्रवाल्या बाईही वाकून बघायला लागल्या. तुझ्या पुण्यानुमोदनाला तो सोनार आलेला. मागे उभा होता. जाताना मला विचारलं, "वहिनी, ते पळालं का?"

पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी खडवलीला कडक ऊन होतं. तू बॉनेटवर वाकलेला, मी आत. "मार," तू ओरडलास. खोकलं. परत मार. परत खोकलं. तिसऱ्यांदा जे पेटलं ते शेडचे पत्रे थरथरायला लागले. दोन कार्बोरेटर श्वास ओढत होते, अगदी माणसासारखे. माझ्या बरगड्यांत तो आवाज लागत होता. मी पाय दाबला तर फेऱ्यांचा काटा असा वर गेला जसा कोणी त्याला हाकलतंय. तू हात वर करून नाचलास. नाचता येत नाही तुला. हरेश धावत आला आणि ओरडून म्हणाला, "वयनी, तुमचे गारीचे आवाजान माजे कोंबऱ्या पळून गेल्यान!" आपण तिघं मग उन्हात त्याच्या कोंबड्या गोळा करत फिरलो. मला वाटतं, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस होता. सुजाता झाली तो धरून. तिला सांगू नकोस. म्हणजे, मीच सांगितलंय तिला.

पहिली रेस काही धड झाली नाही. पहिल्या फेरीत मी इतकी घाबरले की हिरवा दिवा बघतच राहिले. दुसऱ्या फेरीत सुटले चांगली, पण तिसऱ्या गिअरला धाडकन आवाज आला आणि काचेवर वाफ. गॅसकेट गेलं. तू हेड जास्तच घासून घेतलेलंस, मी तेव्हाच म्हटलेलं. खडवलीला पोचल्यावर तो पाना उडाला. आणि मग अर्ध्या तासाने चहा पिताना तू म्हणालास, "तिसऱ्या गिअरपर्यंत काय चालवलीस तू, बाप रे." मी तुझ्यावर चिडून बसलेले आणि मला हसू आलं. असं नेहमी करायचास. चिडणं पूर्ण होऊच द्यायचं नाही.

आता कॅमचं बोलायचं. टाळत होते, पण बोलायलाच हवं.

तू कोइमतूरहून नवा कॅमशाफ्ट घडवून आणलास. झडपा किती उघडायच्या आणि किती वेळ उघड्या ठेवायच्या ते ठरवणारा तो दांडा. जुना मवाळ होता, हा जहाल. इंजिन जोरात फिरायला लागलं की वेड्यासारखं ओढायचं, पण हळू फिरताना मेलेलं. दिवा हिरवा झाला की गाडी आधी विचार करायची, मग निघायची. मी म्हणत होते, "मला जुनाच दे. पाव मैल सुरुवातीलाच जिंकतात." तू म्हणत होतास, "पाव मैल शेवटी जिंकतात. इंजिनाच्या फेऱ्या वर ठेव आणि क्लच सोड." "क्लच जळेल." "जळू दे, दुसरा टाकू." "क्लच जाळणारी बाई मी नाही." महिनाभर हेच. भाजी निवडताना हेच, रिक्षात हेच. रिक्षावाला एकदा मागे वळून म्हणालेला, "काका, ऐका ना काकूंचं."

त्या सकाळीसुद्धा हेच. मी पोहे परतत होते. तू दारात टॉवेल घेऊन उभा. "थांब, तुला एक गोष्ट सांगतो," म्हणालास, "मग तू स्वतःच म्हणशील की विलास, तुझं बरोबर." आणि आंघोळीला गेलास.

काय होती रे ती गोष्ट?

तुझा जहाल कॅम इंजिनात बसवलेला होता आणि रेस पुढच्या महिन्यात होती. सगळं उरकल्यावर सुजाता आणि मी खडवलीला गेलो, ते शेड बंद करायलाच. मी नुसती सुरू करून बघितली. शेडच्या बाहेर, हरेशच्या घराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एकदा सोडून बघितली. तेच. आधी विचार, मग धाव. मी गाडीत बसूनच मोठ्याने म्हटलं, "सांगितलेलं तुला!" आणि उत्तर आलं नाही. त्या क्षणी मला कळलं, तू गेलास. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा नाही, बुद्धवंदनेच्या वेळीही नाही. तू वाद अर्धवट टाकणारा माणूसच नव्हतास.

मी सुजाताला म्हटलं, "कॅम बदलायचा. आपण रेसला जातोय."

हरेश दारात आला. त्याचे डोळे भरलेले. "नको खोलू वयनी. त्याचे हातची हाय ती, तशीच रव दे."

तो चुकीचं बोलत नव्हता. हे इंजिन म्हणजे तुझ्या हातचं शेवटचं काम. कॅम बदलायचा तर नुसतं पुढचं झाकण काढून भागत नाही. अख्खं इंजिन उतरवून उलटं करावं लागतं, नाहीतर आतले, झडपा ढकलणारे टॅपेट निसटून पडतात. म्हणजे जवळजवळ सगळंच सोडवायचं. आणि प्रत्येक बोल्ट पुरता कसला की तू त्यावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ मारायचास, कंपनीतली सवय. रेघ अखंड म्हणजे बोल्ट हललेला नाही. मी पहिल्या बोल्टला पाना लावला आणि फिरवला. रेघ मधोमध तुटली.

मी पाना ठेवून बाहेर गेले. पपईच्या झाडाखाली उभी राहिले आणि रडले, विलास. मोठ्याने, त्या हॉलमध्ये रडले नाही तेवढी. इंजिन तसंच ठेवावं, कापड घालून, वर्षातून एकदा हार घालावा, असं खरंच मनात आलं. मग वाटलं, तू आयुष्यात एकतरी इंजिन तसंच ठेवलं असतंस का? नवा मिक्सरसुद्धा वॉरंटी संपायच्या आत उघडणारा माणूस तू. आत आले तर सुजाताने दुसरा बोल्ट सोडवलेला. मी माझा पाना परत उचलला. हरेश थोडा वेळ दारात थांबला, मग चपला काढून आत आला आणि इंजिन उचलायची साखळी ओढायला लागला.

आम्ही जुना कॅम बसवला. टॉर्क पान्याने प्रत्येक बोल्ट कसला, तू शिकवलेल्या क्रमाने, मधून बाहेर. पिवळा रंग वाळून गेलेला म्हणून सुजाताने पर्समधून लाल नेलपॉलिश काढलं आणि रेघा मारल्या. आता इंजिनावर काही तुझ्या पिवळ्या आहेत, काही आमच्या लाल. छान दिसतं.

आणि काल रेस झाली.

माझ्या बाजूच्या पट्टीत पुण्याचा एक मुलगा होता, नवी टर्बो गाडी, सगळीकडे स्टिकर. रांगेत त्याने काच खाली केली आणि म्हणाला, "काकू, सावकाश हां." मी म्हटलं, "बाळा, मी जन्मभर हेच लोकांना शिकवलंय."

पहिल्या दोन फेऱ्यांत सतराच्या जरा वर. तिसरी, शेवटची. दिवा पिवळा, पिवळा, पिवळा. अंगठ्याखाली क्लच जिवंत झाला, तिथेच धरला, आणि हिरवा. विलास, गाडीने विचारच केला नाही! मागच्या टायरनी रस्ता एकदा चाटला आणि पकडला. टर्बोवाला अजून जागेवर होता. दुसरा गिअर, माझं डोकं मागे आदळलं. तिसरा, तोच तिसरा, आणि या वेळी धाडकन झालं नाही, नुसती ती किंकाळी, दोन्ही कार्बोरेटर तोंड फाडून हवा पितायत, पायाखालचा पत्रा तापलेला, आणि अर्ध्या रस्त्यापर्यंत माझ्या पुढे कोणी नाही, कोणीच नाही. मी हेल्मेटमध्ये ओरडत होते. काय ओरडत होते माहीत नाही.

चौथा गिअर टाकला आणि मग ते जाणवलं. इंजिनाचा श्वास संपला. आवाज तेवढाच, पण ओढ नाही. शेवटच्या तुकड्यात टर्बोवाल्याने मला गाठलं आणि नाक पुढे काढून गेला. रेषा ओलांडली. पलीकडच्या फलकावर माझ्या पट्टीचा आकडा पेटला, आणि तो सोळाने सुरू होत होता.

सोळा!

मी डावीकडे वळून ओरडले, "बघितलंस? बघितलंस का?"

डावीकडे सीटच नव्हती. वजन कमी करायला तूच काढून टाकलेलीस. नुसता पत्रा, आणि त्यात सीटच्या बोल्टांची चार भोकं.

परत यायचा रस्ता धावपट्टीच्या कडेने, लांबच लांब आहे. गाडी हळू चालवायची असते तिथे. मी दुसऱ्या गिअरमध्ये आले आणि सगळा वेळ त्या रिकाम्या पत्र्याशी बोलत आले. सुटले कशी ते सांगितलं. तिसऱ्या गिअरचं सांगितलं. सतराच्या आत आणली, माझ्या कॅमवर आणली, हे दोनदा सांगितलं. मग सुजाता आणि हरेश हात हलवत उभे दिसायला लागले तेव्हा राहिलेलं एक घाईघाईने सांगून टाकलं, त्यांच्यासमोर मला जमलं नसतं म्हणून.

चौथ्या गिअरमध्ये, विलास, तुझं बरोबर होतं.